तीन जी, एक घडी

एचआयव्हीचा जनुकसंच जिथून वाचायला घेतला जातो, तिथे एकापाठोपाठ तीन जी आहेत. जी म्हणजे ग्वानिन, आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक. पेशीतलं पॉलिमरेज तिथे येऊन व्हायरसच्या डीएनएवरून आरएनएच्या नकला काढायला लागतं, पण दर वेळी नेमक्या त्याच जीपासून सुरुवात करत नाही. कधी पहिल्यापासून करतं, कधी दोन सोडून तिसऱ्यापासून. त्यामुळे काही नकलांच्या तोंडाशी तीन जी असतात, काहींच्या तोंडाशी एकच. दोन जीवाल्याही निघतात, पण कमी. पुढची नऊ हजारांवर अक्षरं सगळ्यांत तीच.

आणि तरी त्यांचं नशीब वेगळं होतं. एका जीने सुरू होणारी नक्कल नव्या व्हायरसच्या कणात भरली जाते आणि पेशीबाहेर पडते. तीन जीवाली पेशीतच राहते. तिच्यावर रायबोसोम चढतात आणि तिच्यातून प्रथिनं तयार होतात. नऊ हजारांत दोन अक्षरांचा फरक, तोही एका टोकाला, आणि त्यावर ठरतं की कोण जाणार आणि कोण राहणार.

मिशिगनमधल्या अॅलिस टेलेस्निट्स्की आणि मेरीलँडमधले मायकेल समर्स यांच्या गटांनी २०१६ साली हे दाखवून दिलं. मी ते वाचलं केळीच्या बागेत, रात्री, फोनवर. आमच्याकडे शेतीची वीज आठवडा बदलला की वेळ बदलते. रात्रीचा आठवडा असला की कुणीतरी ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला जागं राहावं लागतं. चोपडा तालुका, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये आम्ही आणि आमचं ग्रँड नैन जातीचं केळं. पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून काही वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, मग घरी आले. का आले ते इथे नको. पण एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत जो मोकळा वेळ मिळतो, त्यात जुनं वेड परत लागलं आहे.

भाऊ सोबत असतो. त्याला वाचलेलं सांगायची सवय मी लावून घेतली आहे, कारण तो हुं हुं करत नाही, अडवतो. मी म्हटलं, एका पेशीत आरएनएचा पूर असतो. त्यातला बराचसा रायबोसोमचा, बाकी पेशीच्या स्वतःच्या हजारो जनुकांचा. त्या सगळ्यातून व्हायरसला स्वतःच्या दोनच प्रती उचलायच्या असतात. तर तो म्हणाला, “मंग त्याले कसं समजस, आपलं कोनतं ते?”

प्रश्न बरोबर आहे. या विषयातला मुख्य प्रश्नच हा आहे, आणि त्यावर काम करणाऱ्यांची चाळीसहून अधिक वर्षं गेली आहेत.

आधी अडचण नीट मांडते. एचआयव्हीच्या कणाचा व्यास जेमतेम शंभर-सव्वाशे नॅनोमीटर. तो बनतो गॅग नावाच्या प्रथिनाचे दोन-अडीच हजार रेणू पेशीच्या आवरणाला आतून चिकटून फुगवटा धरतात तेव्हा. गॅगला गोळा व्हायला कुठलाही आरएनए चालतो. व्हायरसचा आरएनए मुद्दाम काढून टाकला, तरी कण तयार होतात, फक्त त्यांत पेशीचा सटरफटर आरएनए भरलेला असतो. म्हणजे कण बनणं ही गोष्ट वेगळी आणि त्यात योग्य माल जाणं वेगळी. पण प्रत्यक्षात काय दिसतं? वेई-शौ हू यांच्या गटाने २००९ साली एकेक कण तपासला, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त कणांत व्हायरसचा जनुकसंच सापडला. एवढ्या गर्दीतून एवढी अचूक उचल.

दुसरी अडचण याहून अवघड. पूर्ण लांबीचा जो आरएनए कणात जायचा, तोच आरएनए गॅग बनवण्यासाठीही लागतो. दोन कामांसाठी दोन वेगळे मजकूर नाहीत. सगळेच वाचायला बसले तर पाठवायला काही उरत नाही, आणि सगळेच पाठवले तर पाठवायला कणच बनत नाहीत.

उत्तर आरएनएच्या घडीत आहे. डीएनए बहुधा दोन धाग्यांचा पीळ म्हणून असतो. आरएनए एकेरी असतो आणि एकेरी असल्यामुळे स्वतःवरच दुमडतो. ए समोर यू आला की जोडी जमते, जी समोर सी आला की अधिक घट्ट जमते, जी आणि यूचीही कामचलाऊ जमते. एकाच धाग्यातले दूरदूरचे तुकडे असे एकमेकांना सापडले की मध्ये वळसा तयार होतो: जोडी लागलेला दांडा, टोकाला मोकळ्या अक्षरांचा फास. एचआयव्हीच्या आरएनएची पहिली साडेतीनशेच्या आसपासची अक्षरं प्रथिनासाठी नाहीतच. त्यांना लीडर म्हणतात आणि तिथे अशा वळशांची रांग आहे. पहिला टार, मग पॉलीए, मग जिथे आरएनएवरून डीएनएची उलट नक्कल सुरू होते ती जागा, मग दुसऱ्या प्रतीला चिकटण्याचा वळसा, मग आरएनए कापून जोडण्याची खूण, मग ज्याला ग्रीक अक्षर देऊन साय म्हणतात तो पॅकिंगचा वळसा. एचआयव्ही किती झपाट्याने बदलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा भाग त्याच्या सगळ्यात कमी बदललेल्या भागांपैकी एक.

आता त्या पहिल्या जीकडे येते. पेशी आपल्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या तोंडाशी एक कॅप चढवते, उलटा जोडलेला, किंचित बदललेला ग्वानिन. रायबोसोमला बोलावणारी प्रथिनं आधी ही कॅप धरतात. कॅप उघडी असली की वाचन सुरू होऊ शकतं. एका जीवाल्या आरएनएत टार आणि पॉलीए हे दोन वळसे एकावर एक असे बसतात की कॅप त्यांच्या सांध्यात दडून जाते. बाकीचा लीडरही मग अशा रीतीने दुमडतो की दुसऱ्या प्रतीला चिकटण्याचा फास बाहेर राहतो आणि गॅगच्या टोकाला जे हवे असतात ते जोडी न लागलेले जी उघडे पडतात. तीन जीवाल्यात ते जादा दोन जी पॉलीएच्या बुडाशी गडबड करतात. घडी बदलते, कॅप बाहेर येते, चिकटण्याचा फास दुसऱ्याच तुकड्याशी जोडी लावून आत जातो. समर्स यांच्या गटाने या दोन्ही घड्या एनएमआरने, म्हणजे रेणूंची रचना पाहायच्या चुंबकी तंत्राने, उलगडल्या आणि २०२० साली ‘सायन्स’मध्ये मांडल्या.

मला हे वाचताना अंतर्देशीय पत्र आठवलं. आमच्या आजीचा भाऊ, आम्ही मामाच म्हणायचो, सुरतला उधन्याला लूमवर कामाला होता. खानदेशातली निम्मी घरं अशी सुरतेशी बांधलेली असतात. अमळनेर स्टेशनवरून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी कामावर. त्याची ती निळी पत्रं यायची. लिफाफा वेगळा नसायचाच. ज्या कागदावर मजकूर तोच कागद तीन पदरी घातला, कडा डिंकाने चिकटवल्या की झाला लिफाफा, पत्ता वर. घडी घातलेलं पत्र पोस्टमन नेतो, वाचत नाही. उघडलेलं पत्र वाचतात, ते पुन्हा टपालात पडत नाही. एचआयव्हीच्या आरएनएचं अगदी हेच आहे. कॅप आत गेली की तो न वाचला जाणारा, पाठवायचा कागद. कॅप बाहेर असली की उघडलेला, वाचायचा. मी आजीला मामाची पत्रं वाचून दाखवायचे आणि घडीच्या रेघेवर आलेली अक्षरं नेहमी फाटलेली असायची, हे वेगळं.

पण पत्राची घडी कुणीतरी घालतो. इथे कुणी घालत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येते.

घडीच ठरवते, अक्षरांची संख्या नव्हे, हे सिद्ध करणारा प्रयोग २०२१ मधला आहे आणि या सगळ्या विषयात तो माझ्या सगळ्यात आवडीचा. लीडरचा १५९ अक्षरांचा एक गाभा आधीच माहीत होता. दुसऱ्या प्रतीला चिकटायला आणि गॅगने धरायला जे लागतं ते सगळं त्यात आहे. एकटा असला तर तो कणात भरलाही जातो. पण अख्ख्या लीडरवाल्या आरएनएबरोबर स्पर्धेला लावला की हरतो. त्यात सुरुवातीचे दोन वळसे, टार आणि पॉलीए, नाहीत, त्यामुळे त्याची कॅप उघडी असते. मग संशोधकांनी त्याच्या तोंडाशी एक रायबोझाइम जोडलं, म्हणजे स्वतःला कापून घेणारा आरएनए. नक्कल निघता निघताच ते तुटून पडलं आणि बरोबर कॅपही गेली. आणि तो गाभा मूळ लीडरच्या बरोबरीने कणात जायला लागला. उलट बाजूनेही पाहिलं: अख्ख्या लीडरची बाकीची रचना तशीच ठेवून फक्त कॅप उघडी पडेल असे बदल केले, तर पॅकिंग बंद पडलं. म्हणजे गॅगला धरायच्या जागा उघड्या हव्यात हे खरंच, पण त्याबरोबर रायबोसोमच्या तावडीतूनही सुटावं लागतं. एकदा वाचनाची यंत्रणा चढली की आरएनए परत मिळत नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

भावाला ही गोष्ट पटली. “म्हणजे मजुराले दुसऱ्यानी उचलाना आधी आपन उचलनं पडस,” तो म्हणाला. कापणीच्या दिवसांत हे आम्हाला फार चांगलं कळतं.

आता दोन प्रती का, हे. एका कणात एक नाही, तीन नाहीत, दोन. दुसऱ्या प्रतीला चिकटायचा जो फास मी म्हटलं, त्याच्या टोकाला सहा अक्षरं असतात आणि ती अशी असतात की उलट दिशेने येणाऱ्या तशाच सहा अक्षरांशी त्यांची जोडी पूर्ण जुळते. अमेरिका-युरोपात जास्त आढळणाऱ्या बी उपप्रकारात ती जीसीजीसीजीसी आहेत. भारतात बहुतांश संसर्ग सी उपप्रकाराचा, तिथे ती जीयूजीसीएसी. दोन आरएनएचे असे दोन फास एकमेकांना टेकतात, मग धागे एकमेकांत गुंततात. या पहिल्या टेकण्याला शास्त्रज्ञांनी चुंबन असं नाव ठेवलं आहे. आमच्या वर्गात यावर पुष्कळ हसून झालं होतं. बी आणि सीचे फास एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि म्हणून एकाच पेशीत दोन्ही असले तरी त्यांची सरमिसळ तुलनेने कमी होते. सहा अक्षरांचा एक फास दोन उपप्रकारांच्या मधे असा आडवा येतो.

दोन प्रतींचा फायदा कळायला उलट नक्कल पाहावी लागते. व्हायरसचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए बनवतं. हावर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली वेगवेगळं काम करून हे दाखवलं, तोवर माहिती डीएनएकडून आरएनएकडेच जाते अशी बहुतेकांची खात्री होती. टेमिन ज्या व्हायरसवर काम करत होता तो कोंबडीतला, पेटन राउसने १९११ साली गाठीतून गाळून काढलेला. राउसला नोबेल मिळालं १९६६ मध्ये. पंचावन्न वर्षं! टेमिन, बाल्टिमोर यांना पाच वर्षांतच मिळालं, १९७५ मध्ये.

हे एन्झाइम शून्यापासून सुरुवात करू शकत नाही, त्याला टेकायला एक तुकडा लागतो. तो तुकडा व्हायरसचा नसतोच. पेशीचा टीआरएनए, म्हणजे प्रथिनं बनताना अमिनो आम्लं वाहून आणणारा छोटा आरएनए, त्यातला लायसिन वाहणारा, एचआयव्ही कणात भरताना बरोबर घेऊन येतो. त्याची शेवटची १८ अक्षरं लीडरमधल्या ठरलेल्या जागेशी जुळतात. तिथून नक्कल सुरू होते आणि एकशेऐंशीच्या आसपास अक्षरं जाताच आरएनएचं टोक संपतं. रस्ताच संपला. मग काय? आरएनएच्या दोन्ही टोकांना एक तुकडा सारखाच आहे; नवा डीएनए पहिल्या टोकावरून सुटतो आणि दुसऱ्या टोकाच्या त्याच तुकड्याला जाऊन जुळतो, तिथून पुढे चालू. पण त्या सारख्या तुकड्यात टारचा घट्ट वळसा आहे, आणि पॅकिंगच्या वेळी कॅप दडवून जो उपयोगी पडला तोच आता वाट अडवतो. इथे गॅगचंच एक टोक, न्यूक्लिओकॅप्सिड, वळसे सैल करतं. जस्ताचे दोन अणू धरलेलं छोटंसं प्रथिन. आधी याच जागेने आरएनए ओळखून उचललेला असतो.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज चुका तपासत नाही आणि धाग्याला फार घट्ट धरूनही राहत नाही. आरएनए मध्येच तुटलेला असला किंवा एखाद्या वळशाशी अडखळला, तर ते शेजारच्या दुसऱ्या प्रतीवर उडी मारतं आणि काम पूर्ण करतं. दोन प्रती थोड्या वेगळ्या असतील तर तयार होणारा डीएनए दोघींची मिसळ असतो. औषधांना दाद न देणारे बदल असे एकत्र येऊ शकतात. २०१३ साली त्याच हू यांच्या गटाने आणखी एक तपासलं: व्हायरस आरएनएचं वजन मोजतो की जोडी? लांबी बदलून पाहिली. उत्तर आलं, जोडी.

घडीची कामं एवढ्यावर संपत नाहीत. गॅगच्या शेवटाकडे सहा यू आणि एक ए असा निसरडा भाग आहे, आणि त्याच्या पुढे लगेच एक वळसा. रायबोसोम त्या वळशाशी अडतो आणि शंभरात पाचेक वेळा एक अक्षर मागे घसरतो. घसरला की वाचन बदलतं आणि गॅगला जोडून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वगैरे एन्झाइमं तयार होतात. वीस गॅगला एक असं हे प्रमाण. ते बिघडवलं तर कणांची लागण करण्याची ताकद घटते. आणखी पुढे साडेतीनशे अक्षरांची एक मोठी घडी आहे, जिच्यावर रेव्ह नावाचं प्रथिन बसतं आणि न कापलेला आरएनए केंद्रकातून बाहेर काढतं. केव्हिन वीक्स यांच्या गटाने २००९ साली अख्ख्या जनुकसंचाचा असा नकाशाच छापला, कुठे जोडी आहे, कुठे मोकळं. त्यात गंमत ही, की प्रथिनांचे सुटे भाग जिथे एकमेकांना जोडलेले असतात, त्या जागांवर आरएनएची रचना जास्त घट्ट दिसते. आरएनएची घडी प्रथिनाच्या घडीला वेळ देते की काय, असा तर्क त्यातून निघाला. मला तो जरा जास्तच देखणा वाटतो.

आमच्या बागेतही व्हायरस आहे, पण तो या कुळातला नाही. गेल्या काही हंगामांत रावेर, यावल, चोपडा सगळीकडे सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, याच नावाने धाक आहे. पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, पाऊस-ढगाळ हवा लांबली की जास्त. मावा तो पसरवतो. हजाराहून जास्त प्रजातींच्या वनस्पतींवर तो जगतो, म्हणून केळीत काकडी, भोपळा, मिरची घेऊ नका असं सांगतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्याच्याकडे नाही, त्याचा आरएनए आरएनएवरूनच नकलला जातो. पण पॅकिंगचा प्रश्न त्यालाही आहे आणि त्याने तो अगदी उलटा सोडवलाय. त्याचा जनुकसंच तीन तुकड्यांत आहे आणि तिन्ही तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. एका पेशीत तिन्ही पोचले तरच लागण पुरी. ऐकून वाटतं, हे कसं चालत असेल? चालतं. मावा एका घोटात पुरेसे कण घेऊन येतो. एचआयव्ही एका कणात सगळं दोनदा घालतो, हा एकाचे तीन करतो, आणि दोघंही आपापल्या जागी टिकून आहेत.

केळीचं रेट्रोव्हायरसशी, म्हणजे एचआयव्हीच्या कुळाशी, नातं अजिबात नाही असंही नाही. बनाना स्ट्रीक व्हायरस म्हणून एक आहे. त्याच्या कणात डीएनए असतो, पण नक्कल आरएनएमार्गे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजनेच होते. त्याचे तुकडे मुसा बाल्बिसियाना या रानकेळीच्या स्वतःच्या जनुकसंचात अडकून राहिलेले आहेत, आणि त्या केळीचं रक्त असलेल्या संकरित जातींत टिश्यू कल्चरचा ताण बसला की कधी कधी ते जागे होऊन नवा व्हायरस उभा करतात. आमचं ग्रँड नैन त्या रानकेळीचा वारसा घेऊन आलेलं नाही, ते गुणसूत्रांचे आपले तिन्ही संच दुसऱ्या पूर्वजाकडून घेतं. भावाने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता त्या मागे ठेवलेल्या मुद्द्याकडे. व्हायरसबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं त्यात तो सतत काहीतरी करत असतो. चकवतो, दबा धरतो, पेशीला ओलीस ठेवतो, वेश बदलतो. मीही वर ‘उचलतो’, ‘भरतो’ असंच लिहिलं आहे, कारण क्रियापदाला कर्ता लागतो. पण तीन जीची गोष्ट जितकी खोलवर पाहावी तितका हा कर्ता विरघळत जातो. पॉलिमरेज कुठल्या जीवर बसलं हा त्या क्षणाच्या शक्यतेचा भाग. त्यावरून घडी पडली ती जोड्यांच्या ऊर्जेच्या हिशेबाने. घडीवरून कॅप दडली किंवा उघडी राहिली. गॅग उघड्या जीला चिकटलं, कारण चिकटतं. या साखळीत निवड करणारा कुणी नाही. भाऊ विचारतो तसं ‘त्याले समजस’ असं काही घडतच नाही, आणि तरी नव्वद टक्क्यांवर अचूकता आहे.

मामाच्या बाबतीत मला हे फार उशिरा कळलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं. कारण कळल्यावर त्या वेळची बोलणी अधिकच खुपतात. नव्वदच्या दशकात तो सुरतेहून परत आला तो वाळून. घरात आजाराचं नाव कुणी घेत नसे. ताट-तांब्या वेगळा. गावात बोललं जायचं की केलेलं भोगतोय. जणू त्या आजाराने नाव-गाव पाहून घर गाठलं होतं. आजी कुणाशी वाद घालत नसे. ती त्याला कळण्याची भाकरी कुस्करून भरवायची, तेवढंच. चेन्नईत सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ साली भारतातली एचआयव्हीची पहिली लागण शोधून काढली होती. सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, तीही आधी मोजक्या केंद्रांत. मामा या दोन तारखांच्या मध्ये गेला.

आज रोज एक गोळी असते: टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्रॅविर. पहिली दोन औषधं नव्या डीएनएत खोटं अक्षर म्हणून शिरतात आणि पुढची जोडणी थांबवतात, म्हणजे वर सांगितलेल्या उलट नकलेतच. तिसरं तो डीएनए माणसाच्या गुणसूत्रात शिवू देत नाही. वेळेवर घेतली तर माणूस आपलं आयुष्य जगतो, आणि रक्तात व्हायरस सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. लीडरच्या घडीवर नेम धरणारं औषध मात्र अजून बाजारात नाही. ज्या भागाला बदलायला इतकी कमी मुभा आहे तो भाग औषधासाठी चांगला असायला हवा, असं कुणालाही सुचेल. पण आरएनएची घडी धरून ठेवणारा लहान रेणू शोधणं हे प्रथिनाच्या खाचेत बसणारा रेणू शोधण्याहून किचकट आहे, आणि पेशीत तशा घड्यांचे हजारो आरएनए आहेत.

दुसऱ्या बाजूने मात्र ही घडी कधीच कामाला लागली. १९८३ साली मान, मुलिगन आणि बाल्टिमोर यांनी उंदरातल्या एका रेट्रोव्हायरसचा साय भाग कापून टाकला. पेशी व्हायरसची सगळी प्रथिनं बनवत राहिल्या, कण बाहेर पडत राहिले, पण व्हायरसचा आरएनए त्यांत जाईना. मग त्याच पेशीत दुसरं हवं ते जनुक साय लावून सोडलं, तर ते कणात बसून बाहेर पडलं. आज एचआयव्हीवरून बनवलेले वाहक, म्हणजे हवं ते जनुक पेशीत नेऊन सोडणारे रिकामे व्हायरस, याच तत्त्वावर चालतात. प्रथिनं वेगळ्या डीएनएवर, साय नसलेली. लीडर आणि हवं ते जनुक वेगळ्या डीएनएवर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये उभी राहिलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळालेली पहिली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, रुग्णाच्या टी पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, नवं जनुक नेते ते अशाच वाहकातून. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिलेल्या पेशींत व्हायरसचं काही शिजत नाही, पण तिथवर जनुक पोचलं ते या घडीमुळे.

आणि ही करामत आपल्या अंगात आधीपासून आहे. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा उरलेला माल आहे. त्यांच्या नात्यातलं एक जुनं जनुक, पीईजी१०, अजूनही गॅगसारखं प्रथिन बनवतं, ते कण बनवतं आणि त्यात स्वतःचाच आरएनए भरतं. २०२१ साली फेंग झांग यांच्या गटाने त्या आरएनएच्या दोन्ही टोकांचे तुकडे दुसऱ्या आरएनएला लावले, तर तोही भरला गेला.

मी हे सांगत होते तेव्हा भावाने फोन हातात घेतला. वाहकाच्या आकृतीत लीडरच्या पुढे एका चौकटीत सीएमव्ही लिहिलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला. तो सायटोमेगॅलोव्हायरस, मी म्हटलं, माणसातला, त्याचा एक तुकडा नक्कल सुरू करायला वापरतात, आपल्या काकडीवाल्याशी संबंध नाही. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही. “एवढा व्हायरस रिकामा करता येस, मंग आमना केयीना व्हायरस बी रिकामा करा ना,” तो म्हणाला. वनस्पतींच्या व्हायरसांचेही वाहक करतात, मी म्हटलं, पण ते प्रयोगशाळेत. तोवर चौथ्या व्हॉल्व्हकडची जी झाडं पिवळी दिसतायत ती सकाळी उपटून गाडायची आहेत, आणि त्याआधी माव्याचं औषध मारायचं, नाहीतर हलवताना तो शेजारच्या ओळीवर जाऊन बसेल.